गयेला श्राद्ध करायचंय, त्रिस्थळी एकदमच करावी का? जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी. बाबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. आता आईच्या मनात आहे की त्यांच्या नावाने गयेला जाऊन यावं, आणि एवढं लांब जातोच आहोत तर प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळीच करून टाकू असं तिचं म्हणणं. मला भाऊ नाही, आम्ही दोघी बहिणी. माझे सासरेही नाहीत, त्यामुळे नवऱ्याला त्याच्या घराण्याचं करायचंच आहे आणि त्याच्याबरोबर मी बाबांचं करावं असं घरात ठरलंय. विरोध कोणाचाच नाही, उलट सासूबाईच म्हणाल्या की तुझ्या हातचं तुझ्या वडिलांना पोचू दे. पण इथल्या एका ओळखीच्या गुरुजींनी सांगितलं की मुलीने पिंड द्यायचे नसतात, जावयाने किंवा नातवाने द्यावेत, तेव्हापासून आई जरा खट्टू झालीये.

शिवाय पितृपक्षातच जावं लागतं का, किती दिवस काढावेत, पंड्यांचा त्रास होतो म्हणतात तो कितपत खरा, आईचे गुडघे दुखतात तर चढण वगैरे किती आहे, सगळंच विचारायचंय. नेटवर बघितलं तर सगळीकडे पॅकेजच्याच जाहिराती, माणसाने माणसाला सांगितलेलं कुठे सापडेना, म्हणून इथे धागा काढला.

वाईकर

मंजिरीताई, आधी आईंना सांगा की खट्टू व्हायचं काहीच कारण नाही. गयेच्या महात्म्यात पहिला पिंड कोणी दिला ती कथाच सीतेची आहे. राम-लक्ष्मण सामान आणायला गेले, मुहूर्त टळायला लागला आणि दशरथांनी हात पुढे केला, तेव्हा सीतामाईने फल्गूच्या वाळूचा पिंड करून सासऱ्यांच्या हातावर ठेवला. नदीच्या पलीकडच्या काठावर सीताकुंड आहे, तिथे आजही वाळूचाच पिंड देतात. राम परत आल्यावर साक्षीदारांपैकी वडाने तेवढी खरी साक्ष दिली, फल्गू, गाय, केतकी सगळे फिरले, म्हणून फल्गू वरून कोरडी आणि आतून वाहती, आणि वड अक्षय झाला. ज्या गावात सुनेने सासऱ्याला पिंड दिला म्हणून हजारो वर्षं सांगतायत तिथे लेकीला कोण अडवणार? मी स्वतः बघितलंय, विष्णुपदाच्या देवळाच्या मंडपात बायका रांगेत बसून पिंडदान करतात, विधवा बायका नवऱ्याचं करतात, मुली वडलांचं करतात, कोणी वळूनही बघत नाही.

आता पितृपक्षाचं. गया हे असं क्षेत्र आहे की तिथे काळाचं बंधन नाही, वर्षात कधीही चालतं, अधिक महिन्यातसुद्धा. पितृपक्षात जत्रा भरते, गावात पाय ठेवायला जागा नसते, धर्मशाळा आधीच भरलेल्या. मनातून त्याच दिवसात करायचं असेल तर जरूर जा, त्या गर्दीचंही एक तेज असतं. पण आईंना घेऊन जाताय तर माझं मत पौषात जा. तिकडच्या पौष कृष्णातही, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष वद्यात, छोटा मेळा असतो, राजस्थान, मध्य प्रदेशकडची माणसं येतात, पण आटोक्यातला. फक्त थंडी कडक आणि धुक्यामुळे गाड्या तासन् तास लेट, तेवढी सवड धरून चाला. आणि हो, तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे आपला भाद्रपद वद्य म्हणजे त्यांचा आश्विन कृष्ण. तिथल्या लोकांशी फोनवर बोलताना महिन्याचं नाव न सांगता तारीख सांगा, गोंधळ होत नाही.

त्रिस्थळीचं म्हणाल तर क्रम प्रयाग, काशी, गया असाच आपल्याकडे धरतात. या तिन्ही क्षेत्रांच्या विधींवरचा मोठा संस्कृत ग्रंथ, त्रिस्थलीसेतू, नारायणभट्टांनी १६व्या शतकात काशीत बसून लिहिला आणि ते घराणं मूळचं आपल्या पैठणचं. म्हणजे आपल्या माणसांची ही वाट जुनीच आहे.

अनघा_ठाणे

वाईकरकाकांनी छान लिहिलंय. मी एका वेगळ्याच गोष्टीबद्दल सांगते जी मला कोणी आधी सांगितली नव्हती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. निघायच्या आधी नावं गोळा करा. वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, आजी, पणजी, मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा त्यांच्या बायकांसकट, आणि मग काका, आत्या, मामा, मावशा, सासरची माणसं, गुरू, स्नेही. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र. पुरुषांची नावं सापडतात हो, सातबाऱ्यावर असतात, वडलांच्या नावामागे लागलेली असतात. बायकांची सापडत नाहीत! माझ्या वडलांच्या आजीला सगळे जिजी म्हणायचे, तिचं खरं नाव काय ते घरात एकालाही माहीत नव्हतं. सासरचं नाव एक, माहेरचं एक, आणि हाक मारायचं तिसरंच. शेवटी गावाकडच्या एका नव्वदीच्या चुलत आत्याने फोनवर सांगितलं की अगं तिचं नाव भागीरथी. मी फोनवरच रडले. जिने सात पोरं वाढवली, त्यातली तीन पुरली, तिचं नाव तिसऱ्या पिढीला माहीत नाही, ही आपल्या घरांची अवस्था आहे. गुरुजी सांगतात की नाव माहीत नसलं तरी अडत नाही, त्यालाही शास्त्रात सोय आहे, आणि ते खरंच आहे. पण शोधून तर बघा. म्हाताऱ्या माणसांना आत्ताच फोन लावा, पुढच्या वर्षी ती असतील की नाही कोण जाणे.

आणि दुसरं, मातृषोडशी आवर्जून करा. आईसाठी सोळा पिंड वेगळे असतात गयेला. प्रत्येक पिंडाला एकेक कारण सांगतात. पोटात नऊ महिने वागवताना झालेला त्रास, त्याचा एक पिंड. कळांचा एक. बाळंतपणात तिने कडू काढे प्यायले, अन्न टाकलं, त्याचा एक. रात्री पोराने अंथरूण ओलं केलं तेव्हा ती ओल्यावर झोपली आणि पोराला कोरड्यावर घेतलं, त्याचा एक. थंडीचा, भुकेचा, पोर आजारी पडल्यावर तिने केलेल्या काळजीचा, असे सोळा. आमच्या गुरुजींनी प्रत्येक मंत्राचा अर्थ हिंदीतून सांगितला. माझा धाकटा भाऊ, एरवी देवळात बाहेरच थांबणारा माणूस, ओल्या अंथरुणाच्या पिंडाला त्याचा हात थांबला, गुरुजींनीही घाई केली नाही, पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि तो सावरेपर्यंत गप्प बसून राहिले. मंजिरी, तुझी आई आहे म्हणून तुला हे लागू नाही, पण तुझ्या नवऱ्याच्या आजीसाठी, तुझ्या आजीसाठी मातृवर्गात पिंड असतातच, ते नीट नावं घेऊन दे.

सह्याद्रीपुत्र

मुलीच्या हक्काबद्दल अजून एक. दौहित्र म्हणजे मुलीचा मुलगा, त्याला आईच्या वडलांचं श्राद्ध करायचा अधिकार परंपरेनेच दिलाय. म्हणजे तुमच्या मुलाने केलं तर सनातनी मंडळींचंही काही म्हणणं नसतं. मुलगा बरोबर येणार असेल तर त्यालाही बसवा. इकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने किती वर्षं झाली स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला लागून, त्या श्राद्धही सांगतात, अर्थासकट सांगतात. जायच्या आधी त्यांच्याकडे एकदा आईंना घेऊन जा, मनातली शंका जाईल.

रेणुका_संभाजीनगर

मी मुद्दाम पैशाचं लिहिते कारण तेच कोणी लिहीत नाही. आम्ही गेलो तेव्हा स्टेशनवर उतरल्या उतरल्या आठ-दहा जण भोवती, कहाँ से आये, कौन जिला, कौन जात. गयावाल पंड्यांमध्ये प्रांत आणि जिल्हे वाटून घेतलेले असतात, ज्याच्याकडे तुमचा भाग तो तुमचा पंडा, म्हणून हा प्रश्न विचारतात, त्यात अपमान नाही. पण त्या गर्दीत जो पहिल्यांदा हात धरेल त्याच्यामागे जायचं नाही. आम्हाला ज्याने नेलं त्याने सुरुवातीला 'जो श्रद्धा हो' म्हणून बसवलं आणि विधी अर्धा झाल्यावर गोदान, शय्यादान, सुवर्णदान अशी यादी वाचायला लागला, प्रत्येक नावापुढे संकल्प सोडायला लावून आकडा वदवून घ्यायचा. सासूबाई घाबरल्या, संकल्प सोडला आणि दिलं नाही तर पितर उपाशी राहतील म्हणाल्या. त्या बिचारीच्या दुःखाचा असा फायदा घेतलेला बघून मला इतका संताप आला की काय सांगू. शेवटी मोठ्या दिरांनी ठणकावून सांगितलं तेव्हा थांबला.

तेव्हा बसायच्या आधी सगळं ठरवून घ्या. सामान कोणाचं, दक्षिणा किती, किती वेद्या (पिंड द्यायच्या जागा), शेवटच्या सुफळाचे पैसे धरून की वेगळे, हे सगळं कागदावर. सुफळ म्हणजे शेवटी पंडा पाठीवर हात ठेवून तुमची गया सफल झाली असं म्हणतो, तिथेच सगळी घासाघीस होते. भारत सेवाश्रम संघाचा गयेला आश्रम आहे, राहायची सोय आहे आणि त्यांच्याकडून विधीही नीट होतात, गयेतलं त्यांचं काम मुळात यात्रेकरूंची लुबाडणूक थांबावी या कळकळीतूनच सुरू झालेलं आहे. एकटी-दुकटी माणसं, म्हातारे जोडपे असेल तर मी तरी तिथेच जायला सांगेन.

वाईकर

रेणुकाताई, तुमचा राग अगदी रास्त आहे. फक्त सगळे तसे नसतात हेही लिहायला हवं. आमच्या घराण्याचे जे गयावाल आहेत त्यांनी वही काढून दाखवली, लांबलचक, लाल बासनात बांधलेली, आणि त्यात माझ्या पणजोबांची मोडीतली सही. मोडी मला वाचता येत नाही पण गावाचं नाव त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बरोबर कोण कोण आलं होतं, घरात मुलं किती, सगळं लिहिलेलं. मग त्याखाली मी माझ्या हाताने मुलांची, पुतण्यांची नावं लिहिली, आणि अनघाताई तुम्हाला आनंद वाटेल, सुनांची आणि नातींचीही लिहिली. नाशिकला आणि त्र्यंबकला उपाध्यांकडे अशाच नामावळ्या आहेत. कोणाला घराण्याची माहिती हवी असेल त्यांनी गयेला जायच्या आधी नाशिकला एक खेप टाकावी, रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या प्रत्येक पिढीची नोंद बरेचदा सापडते. अनघाताईंनी म्हटलेली बायकांची नावंसुद्धा तिथे मिळू शकतात, कारण नवरा-बायको जोडीने आलेले असले तर दोघांचीही लिहितात.

प्रश्नांकित

माझा सूर थोडा वेगळा आहे, पण दुखवायचा हेतू नाही. आमचं घर सत्यशोधक परंपरेतलं. वडील गेले तेव्हा रक्षा नदीत न सोडता शेतात टाकली आणि त्यावर आंबा लावला, सांगली-सातारा भागात असं करणारी बरीच घरं आहेत. श्राद्धाला मधे कोणी लागतो हेच आम्हाला पटत नाही, आणि रेणुकाताईंनी लिहिलंय तसे अनुभव वाचले की ते अजूनच पटेनासं होतं. गेलेल्या माणसाच्या नावाने शाळेला वह्या द्याव्यात, रक्तदान करावं. मंजिरीताईंनी जाऊ नये असं नाही म्हणत, आईची इच्छा आहे तर जरूर जा. पण भीतीपोटी करू नका एवढंच. पितृदोष, नारायण नागबली, त्रिपिंडी, अशी नावं घेऊन लग्न जमत नाही म्हणून, नोकरी लागत नाही म्हणून माणसांना घाबरवून पैसे काढतात, त्याबद्दल श्रद्धावान मंडळींनीच मोठ्याने बोलायला हवं.

अनघा_ठाणे

@प्रश्नांकित, भीतीबद्दल शंभर टक्के सहमत. मी श्रद्धेने जाते आणि तरीही सांगते, श्राद्ध हे घाबरून करायचं कर्मच नाही. आणि आंबा लावलात ते फार आवडलं. मला विधी का हवासा वाटतो सांगू का, शोक घेऊन नुसतं बसून राहिलं की सुचत नाही काही. तिथे हाताला काम मिळतं. पीठ मळा, तीळ घाला, गोळे वळा, दर्भ ठेवा, पाणी सोडा, नाव घ्या. परत पुढचं नाव.

त्र्यंबक_यात्री

नागबली, त्रिपिंडीचा विषय निघालाच आहे तर लिहितो, मी त्र्यंबकचाच. त्रिपिंडी हे ज्यांचं श्राद्ध राहून गेलं, वर्षानुवर्षं कोणी केलं नाही, अशांसाठी आहे, आणि नारायणबली अपमृत्यू आलेल्यांसाठी. गया श्राद्धाशी त्याची गल्लत करू नका, गयेला जायच्या आधी नागबली केलाच पाहिजे वगैरे कोणी सांगितलं तर तसं काही नाही. अजून एक गल्लत कायम होते ती अस्थींची. अस्थी आपण नाशिकला रामकुंडात, प्रयागला संगमात सोडतो. गयेचं मुख्य कर्म पिंडदान. तुमच्या बाबांच्या अस्थी जर आधीच विसर्जित झाल्या असतील तर प्रयागला फक्त स्नान, तीर्थश्राद्ध एवढंच. नवऱ्याला तिथे क्षौर (मुंडन) करावं लागेल. आणि तुम्ही जोडीने जाताय तर वेणीदान करा, आपल्याकडच्या आणि दक्षिणेतल्या सवाष्णी करतात. नवऱ्याने बायकोची वेणी घालायची, टोकाला कुंकू, फुलं, आणि टोकाचे दोन बोटं केस कापून संगमात सोडायचे. नावेत बसून करतात. आमच्या बायका हे वेणीदान जन्मभर आठवतात.

मंजिरी_कोथरूड

किती भरभरून लिहिताय सगळे, मनापासून आभार. आईला अनघाताईंची पोस्ट वाचून दाखवली, तिने लगेच वही घेतली आणि नावं लिहायला बसली. तिच्या माहेरची पणजी कोणालाच आठवेना, मग नाशिकचा पत्ता लागला वाईकरकाकांमुळे, तिथल्या उपाध्यांना नोंदीच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलाय. सीतेची गोष्ट तिला माहीत होतीच पण तिने ती अशी कधी लावून बघितली नव्हती, आता ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलीये.

दोन शंका. एक म्हणजे बरेच जण म्हणतात गया केली की पुढे वर्षाचं श्राद्ध, पक्ष काही करायचं नाही, पितर कायमचे मुक्त होतात. आईला हे नको आहे, तिला दरवर्षी बाबांच्या तिथीला पान वाढायचंय, ते बंद होणार असेल तर गयाच नको म्हणते. आणि दुसरं, चढण किती?

बेलापूरची_माई

मंजिरी बाळा, आईला सांग निश्चिंत राहा. पान वाढणं बंद होत नाही. गया केली की श्राद्ध बंद ही समजूत खूप पसरलीये पण आमच्या गुरुजींनी, गयेतल्या आचार्यांनीही, स्पष्ट सांगितलं की वार्षिक श्राद्ध आणि महालय, म्हणजे पक्ष, चालूच ठेवायचे. काही घरांत बंद करायची रीत आहे, ती त्यांची कुळरीत. आमच्याकडे ह्यांची गया होऊन गेली तरी पक्षाला मी सगळं करते, तांदळाची खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, अळू, गवार, भोपळा. कारलं ह्यांना आवडायचं नाही तरी पानात चमचाभर वाढते, रीत म्हणून. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवते.

चढणीचं सांगते. एका दिवसाची गया म्हणजे फल्गू, विष्णुपद आणि अक्षयवट. तिन्ही ठिकाणी विशेष चढण नाही, आईचे गुडघे चालतील, ई-रिक्षा मिळतात, फक्त विष्णुपदाच्या आवारात आणि घाटावर पायऱ्या आहेत आणि फरशी ओली असते, अनवाणी चालताना हात धर. प्रेतशिलेला मात्र डोंगर आहे, शेकड्यांनी पायऱ्या, म्हाताऱ्यांना डोलीत बसवून नेतात. अपमृत्यू झालेल्यांसाठी तिथे सातूचं पीठ उधळतात. वर लोकांनी गेलेल्यांचे फोटो ठेवलेले असतात, भिंतीला टेकवून, झाडाखाली, लहान मुलांचेसुद्धा, शाळेच्या गणवेशातले. मी तिथे फार वेळ उभी राहू शकले नाही. तुमच्याकडे तसं कोणी नसेल तर आईला तिथे न्यायची गरज नाही. रामशिलाही टेकडीच.

तीन दिवस, पाच, सात, सतरा दिवस अशीही गया असते. पूर्वी ३६० वेद्या होत्या म्हणतात, आता पन्नासेक उरल्यात. पण आई बरोबर असताना एक दिवसाचीच कर, शांतपणे. आणि गयेला पोचायच्या आधी पुनपुन नदीवर पहिला पिंड द्यायचा असतो, ते वाटेत जमलं नाही तर गयेतच एक तळं आहे तिथे करतात, त्या तळ्याचं नाव गोदावरी. इतक्या लांब आपली गोदावरी भेटली म्हणून मला किती बरं वाटलं होतं!

अक्षयवटाखाली एक फळ आणि एक भाजी सोडायला सांगतात, आयुष्यभरासाठी. आधीच ठरवून जा, तिथे गडबडीत काहीतरी बोलून जातो माणूस. मी आवडता फणस सोडला. न आवडणारं सोडणारे पण असतात, पण मग त्यात सोडलं काय?

न्यूजर्सीकर

आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांचं काय करावं यावर कोणी बोलेल का? वडील तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा विमानं मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. आता सुट्टी मिळते ती डिसेंबरात. बिहारच्या पर्यटन खात्याचं ई-पिंडदान म्हणून काहीतरी असतं, पैसे भरले की ते विधी करून व्हिडिओ पाठवतात, ते चालेल का? आणि इथे एका मराठी काकांनी सांगितलं की गयेला स्वतःचा पिंड स्वतः देता येतो, त्यांना मूलबाळ नाही म्हणून ते विचारत होते. खरं आहे का हे?

वाईकर

खरं आहे. भस्मकूट टेकडीवर, मंगळागौरीच्या देवळाजवळ, जनार्दनाचं देऊळ आहे. तिथे ज्याला मागे कोणी नाही तो जिवंतपणी स्वतःचा पिंड देतो, दहीभाताचा, तीळ न घालता, आणि तो देवाच्या हातात सोपवतो की माझ्यामागे तू मला दे. तुमच्या काकांना सांगा, असं करणारे ते एकटे नाहीत, आणि त्यात अशुभ काही नाही. तसंच गयेला कोणाच्याही नावाने पिंड देता येतो, रक्ताचं नातं लागत नाही. शेजारी, मित्र, घरातला जुना गडी, जिची आठवण काढायला कोणी उरलं नाही अशी बाई, अनोळखी माणूस, पाळलेलं जनावरसुद्धा. धर्मपिंड म्हणतात. मी आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना दिला.

ई-पिंडदानाबद्दल, ज्याला आजारपणामुळे जाताच येत नाही त्याने करावं. तुम्हाला डिसेंबरात येता येतंय, म्हणजे पौषाच्या आसपासच, तर या. स्वतःच्या हाताने करा. तेव्हा पोचता आलं नाही ही खंत मनात आहे ना, ती व्हिडिओ बघून जायची नाही. राहायला गयेत जागा नाही मिळाली तर बोधगया दहा-बारा किलोमीटरवर, तिथे सगळ्या प्रकारची हॉटेलं आहेत. आणि तिथे आहातच तर महाबोधीलाही जाऊन या.

सह्याद्रीपुत्र

फल्गूबद्दल एक. पूर्वी पात्रात वाळू उकरून झऱ्याचं पाणी घ्यावं लागायचं, पावसाळा सोडला तर वाळवंटच. २०२२ मध्ये विष्णुपदाजवळ रबर डॅम बांधला, गयाजी डॅम म्हणतात, त्यामुळे घाटाशी आता बारमाही पाणी असतं. पलीकडे सीताकुंडाला जायला त्यावरूनच पायवाटेचा पूल झालाय. तर्पणाला खूप सोय झाली. पात्रात वाळू उपसून ओंजळभर पाणी काढायचं, त्या जुन्या रीतीची हळहळ वाटणारे आमचे वडील होते, पण म्हाताऱ्या माणसांचे हाल कमी झाले हे मोठंच. २०२५ पासून शहराचं सरकारी नावही गयाजी झालंय, तिकिटं शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

आणि विष्णुपदाला उभे राहाल तेव्हा एकदा वर बघा. ते अख्खं काळ्या दगडाचं देऊळ आपल्या अहिल्यादेवींनी १७८७ मध्ये बांधून दिलंय. आत चांदीने मढवलेल्या अष्टकोनी कठड्यात विष्णूचं पाऊल, साधारण चाळीस सेंटिमीटरचं, त्यावर पिंड ठेवायचे. संध्याकाळी सगळं धुऊन त्यावर रक्तचंदनाने चिन्हं काढतात, शंख, चक्र, गदा. दिवसभर विधीच्या गडबडीत पाऊल पिंडांखाली झाकलेलं असतं, दिसतच नाही. म्हणून रात्रीच्या शृंगाराला परत जा, आईंना ते दाखवाच. नवरा, मुलगा, वडील आणि सासरे, सगळे आयुष्यात गमावलेल्या बाईने हे बांधलंय. मला तिथे पितरांइतकीच तिची आठवण येत होती.

गोंयकार

आमच्याकडे गोव्यात बरेच जण हरवळ्याला रुद्रेश्वराकडे करतात, धबधब्याच्या शेजारीच देऊळ आहे, उत्तरक्रिया तिथेच. नाहीतर गोकर्ण. गयेला जाणं सगळ्यांना परवडत नाही, आमच्या आजोबांनी जन्मभर गया गया केलं आणि शेवटी हरवळ्यालाच त्यांचं केलं. त्यांच्यासाठी आता मी जाणार आहे. माझा प्रश्न एवढाच की आईसाठी गया की सिद्धपूर? कोणीतरी सांगितलं आईचं गयेला करतच नाहीत.

त्र्यंबक_यात्री

करतात की, वर मातृषोडशीचं लिहिलंय ते गयेचंच. सिद्धपूर हे गुजरातेत, बिंदुसरोवर, त्याला मातृगया म्हणतात. कपिलमुनींनी आई देवहूतीला तिथे उपदेश केला आणि परशुरामाने आईचं श्राद्ध तिथे केलं अशी कथा आहे. तिथे फक्त आईचं करतात. तुम्ही आजोबांसाठी गयेला जाताय तर आईचंही तिथेच करा, पुन्हा वेगळं सिद्धपूर करायलाच हवं असं नाही. पुढे कधी द्वारका-सोमनाथला गेलात तर वाट वाकडी करून जरूर जा.

मंजिरी_कोथरूड

तिकिटं काढली! पौषातलीच. मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणाऱ्या हावडा मेलने प्रयागला उतरणार, तिथून काशी आणि काशीहून गया. परत येताना गयेहून तीच गाडी. भारत सेवाश्रमात फोन झाला, मी स्वतः बसणार म्हटलं तर पलीकडच्या महाराजांनी एवढंच विचारलं की गोत्र सांगा. आईने फोन स्पीकरवर ऐकला. नाशिकहून फोटो आला, पणजीचं नाव म्हाळसा निघालं, ते वहीत गेलं. वहीत आमच्याकडे तीस वर्षं काम केलेल्या शांताबाईंचंही नाव आईने लिहिलंय.

एकच राहिलं, येताना काय आणायचं असतं? फल्गूची वाळू आणतात का? आणि मावंदं, यात्रेनंतरचं जेवण, लगेच घालायचं का?

बेलापूरची_माई

आमच्यात फल्गूची वाळू घरी आणत नाहीत. प्रयागहून गंगेचा गडू आण, तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला मिळतो. बारीक बारीक गडूही घे वाटायला, दहा-बारा तरी, कमीच पडतात. मावंदं लगेच घालायची घाई नको, थकवा जाऊ दे. सवडीने दिवस बघून गंगापूजन करायचं, तेव्हाच मोठा गडू फोडायचा, सगळ्यांना तीर्थ द्यायचं आणि मग जेवणं. धाकट्या बहिणीला आणि जावयांना आधी कळव म्हणजे रजा मिळेल. ज्या आत्या-मावशांनी फोनवर नावं सांगितली त्यांना पहिलं बोलावणं कर, जमत नसेल त्यांच्या घरी गडू पोचता कर. गाडीत गडू कपड्यांत गुंडाळून उभाच ठेव, झाळलेला असला तरी आडवा पडला की कधी कधी पाझरतो.